बाजूचं दार

आमच्या टॅलमन गावात नुसतं 'पुस्तक' म्हटलं की कुणाला बायबल आठवत नाही. बायबलला आम्ही बायबलच म्हणतो. पुस्तक म्हणजे मिस हेस्टर मॅबरींची कादंबरी, डॉक्टर ल्युशियनची. गावाचं पोट तिच्यावर चालतं. कापसाची गिरणी बंद पडली, आगगाडी थांबायची बंद झाली, पण शाळेच्या पोरांनी भरलेल्या बसगाड्या येत राहिल्या, कारण पुस्तकातलं घर आमच्याकडे आहे. मिस हेस्टरचे वडील क्लेटन मॅबरी हे गावचे खरे डॉक्टर. त्यांच्यावरूनच तिने आपला ल्युशियन घडवला असं सगळा अलाबामा मानतो. त्यांचं घर आता संग्रहालय झालंय आणि दर शनिवारी त्याच्या पुढच्या दारात मी उभी असते.

मी आर्डेलिया बिझेल. वय सहासष्ट. चाळीस वर्षं शाळेच्या जेवणघरात काढली. या गावातल्या निम्म्या पोरांची हाडं माझ्या मक्याच्या पावावर वाढलीत. माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत, त्यांच्यावर चकचकीत कातडी आहे. संग्रहालयात मला उभं केलंय ते या बोटांसाठीच. मी दार उघडते, पोरांना हात दाखवते आणि सांगते की सात वर्षांची असताना मी हा भाजलेला हात घेऊन इथे आले, तेव्हा काळ्या माणसांनी डॉक्टरांच्या घरात बाजूच्या दाराने जायचं असे, पण डॉक्टर मॅबरींनी मला याच, पुढच्या दारातून आत घेतलं आणि माझा हात वाचवला. पोरं गप्प होतात. त्यांच्या गोऱ्या शिक्षिका डोळे पुसतात. अकरा वर्षं मी हे सांगत आले.

पुस्तकातही तसंच आहे. एका काळ्या पोराला घटसर्प होतो, इस्पितळ त्याला घेत नाही, तर डॉक्टर ल्युशियन त्याला उचलून पुढच्या दारातून घरात आणतो आणि स्वतःच्या मुलीच्या बिछान्यावर निजवतो. निम्मे गोरे रोगी त्याला सोडून जातात, खिडक्यांवर दगड पडतात. तो म्हणतो, "रोग दार बघून आत येत नाही. मग मी कशाला दार बघू?" हे वाक्य आमच्याकडे चहाच्या कपांवर आहे, बँकेच्या कॅलेंडरवर आहे, आणि एका दाताच्या डॉक्टरने तर ते आपल्या खुर्चीसमोरच टांगलंय, म्हणजे तोंड उघडं असताना माणसाने दुसरं काही वाचूच नये.

माझ्या एकुलत्या एका मुलाचं नाव मी ल्युशियन ठेवलं. तो अटलांटाला मुलांचा डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्यात मुलं घेऊन येणाऱ्या बायका त्याला 'डॉक्टर ल्युशियन' म्हणतात आणि म्हणताना हसतात, कारण प्रत्येकीने शाळेत ते पुस्तक वाचलेलं असतं. मी हे सांगते तेव्हा माझी मान किती ताठ होते ते गावात कुणालाही विचारा.

या जुलैत दुसरं पुस्तक आलं.

मिस हेस्टर जाऊन दहा वर्षं झाली होती. पहिल्या पुस्तकानंतर तिने जन्मभर काही छापलं नाही. पण म्हातारपणी एक लिहिलं होतं आणि मृत्युपत्रात बजावलं होतं की आपण गेल्यावर दहा वर्षांनीच ते बाहेर काढा. संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या मिस विनिफ्रेडने आमच्या चर्चच्या बायकांना एकेक प्रत फुकट वाटली. ती बिचारी खूश होती. तिला वाटलं, आता बसगाड्या दुप्पट होतील.

मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायला घेतलं, समोर सोलायच्या शेंगांचं टोपलं. शेंगा तशाच राहिल्या.

दुसऱ्या पुस्तकात तोच डॉक्टर ल्युशियन आहे, पण वीस वर्षांनी म्हातारा झालेला. त्याची मुलगी न्यूयॉर्कहून घरी येते. शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र बसवा असा निकाल नुकताच लागलाय आणि गोऱ्यांना धास्ती पडलीय की आता गावच्या पोहण्याच्या तलावातही काळी पोरं उतरतील. तलाव मातीने बुजवून टाकायचा, पण काळ्यांना उतरू द्यायचं नाही, हे ठरवायला एक समिती बसते. समिती डॉक्टर ल्युशियनच्या दिवाणखान्यात बसते. मुख्य खुर्चीत तोच बसतो.

मुलगी त्याला विचारते, तुम्हीच ना त्या पोराला माझ्या बिछान्यावर निजवलंत? तर तो शांतपणे सांगतो, "निजवलं. उद्याही निजवीन. पण बरं करणं वेगळं आणि शेजारी बसवणं वेगळं. ती काळी माणसं अजून लेकरं आहेत, त्यांना काय हवं ते आपल्यालाच ठरवावं लागतं."

मी पुस्तक पालथं घातलं आणि घर झाडायला लागले. सकाळीच झाडलं होतं.

पुढचे चार दिवस माझा पाय एका जागी ठरला नाही. पडदे धुतले. वाळायच्या आत पुन्हा लावले. शेगडीच्या मागची भिंत घासली, जी नवरा गेल्यापासून मी पाहिलीही नव्हती. बाहेर पडावं तर जिथे जाईन तिथे तोच विषय. गोऱ्या बायका म्हणत, मिस हेस्टरचं शेवटी डोकं फिरलं होतं, नाहीतर स्वतःच्या बापाचे असे धिंडवडे कोण काढतं. आमच्या वस्तीत केस करून देणारी रोझेटा हसत होती. ती माझ्याच वयाची, जिभेला हाड नाही. मला बघून म्हणाली, "काय गं आर्डेलिया, तुझा डॉक्टर बिघडला म्हणे. आम्हाला बाई काही धक्का बसला नाही. आम्ही त्याला बिघडलेलाच ओळखत होतो." दुकानातल्या सगळ्या हसल्या. मीही हसले आणि केस अर्धे ओले असतानाच उठून घरी आले.

त्या रागाने मी पुस्तक पुन्हा उघडलं. आणि एकशेबाराव्या पानावर मी मलाच भेटले.

त्या पानावर समितीची बैठक चालू आहे. मुलीला त्या माणसांचं बोलणं ऐकवत नाही, म्हणून ती बाजूच्या खोलीत जाते, जिथे काळे रोगी बसतात. पहिल्या पुस्तकात ती खोली नाहीच. बाकावर एक काळी बाई बसलीय आणि तिच्याजवळ सहा-सात वर्षांची पोर, अंगात पिठाच्या छापील पोत्याचं कापड शिवून केलेला फ्रॉक, त्यावर निळे कोंबडे. पोरीचा डावा हात चादरीच्या तुकड्यात गुंडाळलाय. बाई दोनदा आतल्या दारापर्यंत जाऊन परत येते. तिसऱ्यांदा ती दार वाजवते. डॉक्टर ल्युशियन जेवणाचा रुमाल गळ्यात तसाच ठेवून बाहेर येतो, उभ्या उभ्या पट्टी काढतो, मलम फासतो, सगळी बोटं एकत्र धरून पार्सल बांधावं तसा हात बांधतो आणि आत जातो. आत मत द्यायचं असतं.

निळ्या कोंबड्यांचं ते पोतं माझ्या आईने वाण्याकडे दोन आठवडे राखून ठेवायला लावलं होतं, त्याच छापाचं दुसरं मिळून पुरा फ्रॉक व्हावा म्हणून. तसा फ्रॉक गावात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

आता खरं सांगते. डिसेंबर होता, आमच्याकडे डुक्कर कापलं होतं आणि अंगणात कढईत चरबी वितळत होती. मी सात वर्षांची, खेळताना अडखळले आणि डावा हात कढईत गेला. आत्या जोसीला जळलेल्यातली आग बोलून काढता यायची. तिने हातावर तीनदा फुंकर घातली, मनातल्या मनात बायबलमधलं वचन म्हटलं, आणि आग खरंच उतरली. म्हणूनच आम्ही एक दिवस वाया घालवला. दुसऱ्या दिवशी हात सुजून भाकरीएवढा झाला तेव्हा आई मला घेऊन चार मैल चालत डॉक्टर मॅबरींकडे आली. आम्ही बाजूच्या दाराने आत गेलो. आम्ही दुपारभर बाकावर बसलो. दिवे लागले तेव्हा डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या गळ्यात रुमाल होता.

पुढचं दार मी आयुष्यात पहिल्यांदा ओलांडलं ते पंचावन्नाव्या वर्षी, संग्रहालयाची नोकरी धरली तेव्हा.

मग ते खोटं आलं कुठून? तेरा वर्षांची असताना शाळेत आमच्या बाईंनी पुस्तक वाचून दाखवलं. काळ्यांची शाळा, एकच प्रत, बाईंनी स्वतःच्या पैशाने आणलेली. वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं, खऱ्या डॉक्टर मॅबरींकडे कुणी गेलंय का? मी हात वर केला, हाच हात. बाईंनी विचारलं, कसे होते? सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघत होता. मी म्हणाले, त्यांनी मला पुढच्या दारातून आत घेतलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून मी शाळेत कुणीतरी झाले.

त्यानंतर इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते दिसायला लागलं. दाराची पितळी मूठ, आतला गालिचा, डॉक्टरांचा हात माझ्या डोक्यावर. गालिचा मी पुस्तकातून उचलला होता. पण शप्पथ सांगते, कितीतरी वर्षं मला बाक आठवतच नव्हता. आमच्यासारख्या माणसांनाच अशी चूक करता येते. आम्हाला स्वतःच्या आठवणीपेक्षा एका गोऱ्या बाईच्या गोष्टीत जास्त बरं वाटलं.

आणि तिचा मला किती राग आला! तलाव बुजवला त्या माणसाचा आला नाही तेवढा तिचा आला. कारण तिने मला पाहिलं होतं. ती त्या खोलीत उभी होती, माझ्या फ्रॉकवरचे कोंबडे तिने मोजले असतील, आणि मला तसं पाहून सहा वर्षांनी तिने ते पहिलं, गोड पुस्तक लिहिलं. मग म्हातारपणी खरं लिहिलं आणि आपण मातीखाली गेल्यावर दहा वर्षांनी छापा म्हणाली, म्हणजे कुणी तिला तोंडावर विचारायला नको. मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले, भित्री बाई. म्हणताना माझ्या लक्षात आलं की मीही तेच करतेय. मी तर अजून जिवंत आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मिस विनिफ्रेड आली. ती साठीची गोरी बाई, मनाने वाईट नाही, पण तिच्या आईने माझ्या आईला जन्मभर नुसतं 'लेटी' म्हणून हाक मारली आणि ही मला न चुकता 'मिस आर्डेलिया' म्हणते, जणू जुनं उष्टं धुऊन काढतेय. तिने पीच घालून केलेला गोड पदार्थ आणला होता. म्हणजे काम मोठं होतं.

शनिवारी माँटगोमेरीहून टीव्हीवाले येणार होते. गावात मोठा सोहळा ठेवला होता. सगळ्यांनी पुढच्या दारातून आत जायचं आणि मी दारात उभी राहून माझी हकिकत सांगायची.

"मिस आर्डेलिया, कागदावरचा डॉक्टर बदलला त्याला तुम्ही-आम्ही काय करणार?" ती म्हणाली. "पण खरा डॉक्टर कसा होता हे सांगणारं माणूस एकच उरलंय. तुमचा शब्द या गावाला तारेल."

मी म्हटलं, "उरलेय म्हणून भाव आला म्हणायचा." ती हसली. मी तिला बघते म्हणाले. बघते म्हणजे हो, असं तिने धरलं, आणि मी तिला धरू दिलं.

ती गेल्यावर मी चालत निघाले आणि कळायच्या आत बागेत पोचले. गावाने खरोखर बुजवलेला तलाव होता तिथे आता हिरवळ आहे, थोडी खोलगट, चारी बाजूंनी सिमेंटची कड. गोरी पोरं तिथे चेंडू खेळत होती, काळीही होती. कुणाच्या पायाखाली काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला तिथे दोन मिनिटंही उभं राहवलं नाही.

गुरुवारी ल्युशियनचा फोन आला. दुसरं पुस्तक आलं त्या आठवड्यात तो फार कमी बोलला होता, आता कळलं का ते. त्याच्या दवाखान्यातल्या एका तरुण काळ्या डॉक्टरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, तलाव बुजवणाऱ्याचं नाव अजून किती दिवस लावणार? त्यावर सगळे हसले, तोही हसला. आणि दुसऱ्या दिवशी कोर्टातून नाव बदलण्याचे कागद आणले. त्रेचाळिसाव्या वर्षी.

"भरलेही होते," तो म्हणाला. "मग काल फाडून टाकले. आई, मला कळलं की माझं नाव पुस्तकावरून नाहीच. ते तुझ्या हातावरून आहे. त्या बाईने तिच्या डॉक्टरचं काय वाटेल ते करावं. खऱ्या माणसाने तुला दार उघडलं होतं, ते कुणी खोडू शकत नाही. शनिवारी इमानीला घेऊन येतोय. तिला त्या दारातून आत न्यायचंय."

इमानी म्हणजे त्याची मुलगी, नऊ वर्षांची. मी म्हणाले, ये. जेवायला काय करू विचारलं. तो म्हणाला, तू करशील ते.

दोन दिवस मी मनात तराजू घेऊन फिरले. गप्प राहिले तर माझ्या लेकाचं नाव शाबूत राहतं, गावाच्या बसगाड्या राहतात, माझा मान राहतो. कुणाचं काय बिघडतं? डॉक्टर मेला, त्याची मुलगी मेली, माझी आई मेली. एकशेबाराव्या पानावरची पोर कोण हे सांगणारं जगात कुणी नाही. शुक्रवारी मी ठरवलंच की गप्प राहायचं. एकदा ठरलं की झोप लागेल असं वाटलं होतं. भाज्या शिजवल्या, पाव भाजला, शेंगा सोलल्या, ल्युशियनच्या जुन्या खोलीतल्या चादरी बदलल्या, आणि सगळा वेळ मला इमानी त्या पितळी मुठीला हात लावताना दिसत होती. माझ्या खोट्याला धरून ती आत जाणार, आणि मग ती वर्गात हात वर करणार.

शनिवारी उन्हाचा कहर होता. संग्रहालयासमोर मंडप, गार चहाची पिंपं, रांगेत अडीचशे माणसं, आमच्या चर्चच्या बायका मोठ्या टोप्या घालून सावलीत. टीव्हीवाल्यांनी दाराच्या पायरीवर माझ्यासाठी माइक रोवला होता. ल्युशियन इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. इमानी पिवळ्या फ्रॉकमध्ये, वेण्यांना मणी लावलेले. तिने माझा डावा हात धरला. ती नेहमी तोच हात धरते.

माझ्या तोंडून निघालं, "विनिफ्रेड, इमानीला चहा दे. ल्युशियन, तू माझ्याबरोबर ये."

मिस विनिफ्रेड घड्याळ बघत म्हणाली, माइक चालू आहे, लोक उन्हात आहेत. मी म्हटलं, लोकांना थांबायची थोडी सवय होऊ दे.

आम्ही घराला वळसा घालून बाजूच्या दाराशी गेलो. त्या खोलीत आता घडीच्या खुर्च्या आणि ख्रिसमसच्या माळांची खोकी ठेवतात. कुलूप नव्हतं. बाक केव्हाच गेला होता. मी एक खुर्ची उघडून बसले. ल्युशियन उभाच राहिला. त्याला वाटलं मला चक्कर आली, त्याने माझी नाडी धरली.

मी म्हणाले, "हात सोड आणि ऐक. पुढच्या दारातून मला कधीच आत घेतलं नाही. आम्ही इथे बसलो होतो, मी आणि माझी आई, तुझी मोठी आई, दुपारपासून दिवे लागेपर्यंत. एकशेबाराव्या पानावरची पोर मी आहे. शाळेत तेरा वर्षांची असताना मी खोटं बोलले आणि पुढे बोलतच राहिले. तुझं नाव मी त्या खोट्यावर ठेवलं."

मी सगळं सांगितलं. कढई, आत्या जोसी, कोंबडे, गळ्यातला रुमाल. माझं बोलणं संपल्यावर त्याने माझा हात पुन्हा घेतला, पण या वेळी नाडी बघायला नाही. चिकटलेल्या बोटांवरून त्याने अंगठा फिरवला.

"शिकत असताना दुसऱ्या वर्षी मला हे कळलं होतं," तो म्हणाला. "भाजलेली बोटं वेगवेगळी बांधतात. एकत्र बांधली की अशी चिकटतात. भाजलेल्यांच्या वॉर्डात पहिल्या दिवशी शिकवतात हे. मी म्हटलं, जुना काळ होता, त्या माणसाला माहीत नसेल."

"त्याला माहीत होतं," मी म्हणाले. "त्याच वर्षी मिस विनिफ्रेडच्या भावाचा हात फटाक्याने भाजला होता, तोही याच डॉक्टरने बांधला. त्याची पाचही बोटं सुटी आहेत."

त्याने माझा हात माझ्या मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर कुणीतरी माइकवर एक-दोन-तीन म्हणत होतं. मला वाटत होतं त्याने ओरडावं. मी त्याच्या जागी असते तर खुर्च्या फेकल्या असत्या.

"डॉक्टर ल्युशियन तर पुस्तकातला माणूस होता," तो शेवटी म्हणाला. "तो बदलला तर मी सोसलं असतं. मी सोसलंच होतं. पण तू का गं, आई?"

"मला लाज वाटायची," मी म्हणाले. "बाकावर बसल्याची. त्याला वाटायला हवी होती ती मला वाटायची."

मग त्याने विचारलं, आता बाहेर जाऊन काय सांगणार? मी म्हणाले, तुला सांगितलं तेच. माइकवरून तुझ्या कानावर पडू नये म्हणून आधी इथे आणलं. नावाचं तुझं तू ठरव. ठेवलंस तर ठेव, टाकलंस तर मी हू की चू करणार नाही.

मिस विनिफ्रेडने दारावर टकटक केली आणि गोड आवाजात माझं नाव घेतलं. मी उठले. ल्युशियनने मला दंडाला धरून थांबवलं. त्याचा चेहरा पाच वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

"मोठी आई मला कधी नावाने हाक मारायची नाही," तो म्हणाला. "मरेपर्यंत कधीच नाही. 'लेकरा' म्हणायची, 'राजा' म्हणायची. मला वाटायचं, एवढं मोठं नाव तिच्या जिभेवर बसत नाही."

"बसत होतं."

"ती तुझ्याबरोबर इथे बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. मग तू मला हे नाव ठेवलंस तेव्हा तिने तुला अडवलं का नाही?"

त्याला अंगावर घेऊन मी पलंगावर बसले होते आणि आईला म्हणाले होते, याचं नाव ल्युशियन. ती माझ्याकडे फार वेळ बघत राहिली होती. ते बघणं मला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं.

"मी फार आनंदात होते रे," मी म्हणाले. "तिने मला तेवढ्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं."